लिफ्ट उचलत नाही की धरत नाही? जुन्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक तपासण्याचा क्रम

उन्हाळी नांगरटीच्या दिवसांत एक फोन ठरलेला असतो: "पलटी नांगर उचलंना, मिस्त्री म्हणतोय पंप गेला." मी जातो, लिव्हरकडे बघतो, एक लिव्हर वर ढकलतो आणि नांगर उठतो. दर वेळी इतकं सोपं नसतं, पण "पंप गेला" हे निदान खरं निघालेलं मी फार कमी वेळा पाहिलंय.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. माझ्या जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार उचलणारी यंत्रणा, पहिल्यांदा बसली तेव्हा मी सरळ पंप खोलून घेतला. दोन दिवस गेले, नवा किट पडला, तीस लिटरच्या आसपास तेल बदललं, आणि सगळं बसवल्यावर लिफ्ट होती तशीच. शेवटी सापडली एक तुटकी ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी. जिथून सुरुवात करायची तिथे मी शेवटी पोचलो होतो. त्यानंतर स्वतःचा आणि शेजारपाजारचे मिळून बरेच ट्रॅक्टर बघितले, त्यातून हा क्रम बसला.

आधी कुठल्या ट्रॅक्टरबद्दल बोलतोय ते सांगतो. मॅसी फर्ग्युसन १०३५ आणि त्याआधीचा ३५ या घराण्यातले, म्हणजे फर्ग्युसन पद्धतीचं हायड्रॉलिक असलेले. हॅरी फर्ग्युसनच्या १९४६च्या टीई-२० ट्रॅक्टरवरून ही मांडणी पुढच्या पिढ्यांत उतरली. यात पंप बाहेरून दिसतच नाही. सीटखालच्या मोठ्या घरात (हाउसिंगमध्ये), गिअर आणि डिफरन्शियल ज्या तेलात फिरतात त्याच तेलात, चार पिस्टनचा पंप बुडालेला असतो आणि पीटीओच्या, म्हणजे रोटाव्हेटरसारखी अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टवर चालतो. आपण लिव्हर हलवतो तेव्हा पंपाच्या तेल ओढण्याच्या बाजूचा वॉल्व्ह उघडतो. वॉल्व्ह बंद असला की पिस्टन नुसते पुढेमागे होतात, तेल ओढत नाहीत. कामापुरतंच काम करत असल्यामुळे हा पंप सहसा लवकर झिजत नाही. ज्यांच्या ट्रॅक्टरला बाहेर गिअर पंप आहे त्यांच्यासाठी शेवटाकडे चार ओळी आहेत, पण वजनाच्या आणि तेलाच्या तपासण्या त्यांनाही लागू.

पान्हा हातात घेण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: लिफ्ट उचलत नाही की धरत नाही? उचलणं हे तेल ओढून दाबाने वर पाठवण्याचं काम. धरणं म्हणजे वर गेलेलं तेल कोंडून ठेवणं. दोन्ही बिघाडांची कारणं बरीचशी वेगळी असतात. गडी "लिफ्ट खराब झालीय" एवढंच सांगतो, त्यावरून काही कळत नाही. स्वतः समोर उभं राहून बघा.

लक्षणं

- आर्म (लिफ्टचे मागचे दोन हात) अजिबात हलत नाहीत, रिकामेसुद्धा.
- रिकामे उठतात, अवजार लावलं की नाही.
- सकाळी गार असताना उठतं, दुपारी तेल तापलं की दमतं.
- उलट: सकाळी आळस, तापल्यावर बरं.
- उठतं, पण इंजिन बंद केलं की खाली बसतं.
- इंजिन चालू असताना वर धरलेलं अवजार उचक्या देतं: थोडं खाली, परत वर, थोडं खाली, परत वर.
- धक्क्याधक्क्याने उठतं.
- वर गेलेलं खाली येत नाही.
- नांगर एकसारखा चालत नाही. कुठे खोल रुततो, कुठे वरवर सरकतो.

यातलं आपलं कुठलं ते लिहून ठेवा. मिस्त्रीला बोलवायची वेळ आली तरी हे सांगता आलं तर त्याचा अर्धा दिवस वाचतो.

आणि एक नियम कुठल्याही तपासणीआधी. उचललेल्या अवजाराखाली हात, पाय, डोकं काही घालायचं नाही. काम करायचं असेल तर अवजार जमिनीवर टेकवा. टेकवता येत नसेल तर खाली लाकडी ओंडके घाला. विटा चालणार नाहीत, फुटतात. पाइपची गळती बोटाने चाचपायची नाही. दाबाखालची बारीक चिळकांडी कातडीत शिरते आणि ती जखम दिसते त्यापेक्षा फार वाईट असते. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, तेल कुठून येतंय ते त्यावर उमटतं.

लिव्हर आणि क्लच

पैसा लागत नाही, म्हणून लोक हे बघत नाहीत. चतकोरीवर (लिव्हर फिरतात त्या क्वाड्रंटवर) दोन लिव्हर असतात: अवजाराची उंची ठरवणारं पोझिशनचं, आणि जमिनीच्या ओढीप्रमाणे नांगर खालीवर करणारं ड्राफ्टचं. पोझिशनने काम करायचं असेल तर ड्राफ्टचं पूर्ण वर हवं. ते खाली राहिलं तर पोझिशन कितीही ओढा, आर्म उठत नाहीत. ट्रॅक्टरवर लहान मूल बसून गेलं की हमखास हेच झालेलं असतं. ड्राफ्टवर नांगरायचं असेल तर उलट, पोझिशनचं लिव्हर वाहतुकीच्या खुणेवर ठेवायचं.

पोझिशनचं लिव्हर त्या खुणेच्याही पुढे गेलं तर पंप सतत तेल ढकलत राहतो. ती जागा बाहेरच्या जॅकला तेल देण्यासाठी आहे. आर्म टोकाला जाऊन अडकतात, जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ वॉल्व्ह किंचाळतो, तेल तापतं. जुन्या ट्रॅक्टरवर ती मर्यादा दाखवणारी खुंटी कधीच पडून गेलेली असते. नवी लावा, किंवा निदान रंगाची रेघ मारा.

क्लचचा मुद्दा त्याहून मजेशीर. डबल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल अर्धं दाबलं की गाडी थांबते आणि पूर्ण दाबलं की पीटीओ थांबतो. पीटीओ थांबला म्हणजे पंपही थांबला. सिंगल क्लचमध्ये तर पेडल दाबताच पंप बंद. बांधाला वळताना पेडल खालपर्यंत दाबून नांगर उचलायला जाणारे नवे ड्रायव्हर "लिफ्ट दम धरंना" अशी तक्रार करतात ती यामुळे. डबल क्लच असेल तर अजून एक गोष्ट बघा: लिफ्टबरोबर रोटाव्हेटरही भाराखाली मंदावतो का? मंदावत असेल तर हायड्रॉलिकला दोष देऊ नका, पीटीओचा क्लच घसरतोय.

वजन आणि जोडणी

छत्तीस एचपीच्या ट्रॅक्टरमागे शेजाऱ्याचा सहा फुटी रोटाव्हेटर, त्यावर चिखलाचे गोळे, आणि वर समतोलासाठी ठेवलेला दगड. मग लिफ्टने काय करावं? वजन किती याइतकंच ते चाकापासून किती मागे आहे हेही मोजलं जातं. टॉप लिंक (अवजाराला वरून धरणारा मधला दांडा) आखूड-लांब करून बघा, अवजार ट्रॅक्टरच्या जवळ येईल असं जोडा. साध्या फणाच्या पाळीचं अवजार सहज उठत असेल आणि रोटाव्हेटर नाही, तर आधी वजनाचा विचार करा.

साखळ्या कुठे अडकतात का, लोअर लिंकच्या (खालच्या दोन दांड्यांच्या) पिना वाकल्यात का, हेही याच फेरीत बघून घ्या. एक आर्म वर आणि एक खाली असेल तर आधी उजव्या बाजूचा फिरवायचा हँडल तपासा. तो सरळ करूनही फरक राहिला तर आडव्या शाफ्टवरचे आर्मचे दाते झिजलेत का ते बघावं लागेल.

तेल

इथे जरा थांबा, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

ट्रॅक्टर सपाट जागी लावा, आर्म खाली करा, इंजिन बंद करून थोडा वेळ जाऊ द्या आणि मग तेल मोजायची पट्टी (डिपस्टिक) काढा. आर्म वर असताना मोजलं तर सिलेंडरमधलं तेल मोजण्यात येत नाही.

तेल कमी का झालं याचं आमच्या भागातलं पहिलं कारण गळती नसतं, डंपिंग ट्रॉली असते. ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरच्याच घरातलं तेल घेतो, आणि चांगलं काही लिटर घेतो. ट्रॉली पूर्ण खाली यायच्या आत कुणी पाइप सोडला की तेवढं तेल जॅकमध्ये अडकलं. पुढच्या वेळी तीच ट्रॉली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लागते आणि तुमचं तेल त्याच्या ट्रॅक्टरमध्ये जातं. त्याची माती, त्याचं पाणी तुमच्याकडे येतं ते वेगळंच. पाइपचं तोंड चिंधीने न पुसता जोडलं की रेतीही आत. ऊसतोडणीच्या हंगामानंतर लिफ्टच्या तक्रारी का वाढतात हे मला फार उशिरा कळलं.

मग तेलाचा रंग बघा. दुधाळ, ताकासारखं दिसत असेल तर पाणी शिरलंय. ट्रॅक्टर पावसात उघडा राहतो, गिअर लिव्हरचा रबरी बूट फाटलेला असतो, पाणी थेंबाथेंबाने आत जातं. खात्री करायची तर थोडं तेल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. पाणी बहुधा तळाशी बसलेलं दिसतं. तळाशी काही न बसता तेल दुधाळच राहिलं तरी पाणी नाही असं समजू नका, ते तेलात घुसळलं गेलेलं असतं. असं तेल बदलायलाच हवं, आणि बूटही. दहा-वीस रुपयांचा विचार करून तोच फाटका बूट परत बसवणारे लोक मी पाहिलेत.

तेलात हवेचा फेस असेल तर पातळी कमी आहे किंवा दोन-तीन जातीची तेलं एकत्र झालीत. घरात जे पडलंय ते ओतायची सवय वाईट. जुनं इंजिन ऑइल तर कधीच नाही. नव्वद नंबरचं जाड गिअर ऑइल ओतलं की थंडीच्या सकाळी पंपाला ते ओढवत नाही. "सकाळी आळस, तापल्यावर बरं" या लक्षणाचं हे एक कारण, दुसरं म्हणजे बुजलेली जाळी. मॅन्युअलमध्ये जे तेल लिहिलंय तेच घाला. बदलताना ट्रॅक्टर थोडा चालवून तेल कोमट करा आणि ड्रेन प्लग एकापेक्षा जास्त आहेत हे विसरू नका. एकच उघडला तर जुन्याचा मोठा हिस्सा आतच राहतो. धुण्यासाठी डिझेल भरून ट्रॅक्टर चालवण्याची एक पद्धत आहे, ती मला मान्य नाही. पंपाला आणि गिअरला वंगण त्याच तेलाचं असतं.

काढलेलं तेल पसरट घमेल्यात घ्या आणि उन्हात तिरकं धरून बघा. पितळी, सोनेरी चकाकी दिसली, किंवा चुंबकाला चुरा जाडसर चिकटला, तर इथेच थांबा. आत काहीतरी खातंय. तेल भरून चालवत राहिलात तर खर्च वाढेल.

पंपाच्या तोंडाशी जाळी असते. तेल काढलेलंच आहे तर बाजूचं झाकण उघडून तीही साफ करा. गाळ, गॅस्केटचे तुकडे, एकदा तर गोणपाटाचा धागा मला तिथे मिळालाय. झाकणाचं पॅकिंग नवं टाका.

मागची स्प्रिंग

ही तपासणी फक्त नांगर खालीवर होण्याच्या तक्रारीसाठी. लिफ्ट उचलत नसेल तर हा भाग सोडून पुढे जा.

सीटच्या मागे, टॉप लिंक जिथे पिनेने जोडतो तिथे आत एक जाड स्प्रिंग असते. नांगराला जमीन जड लागली की टॉप लिंक तिला दाबतो, त्या हालचालीने वॉल्व्ह उघडतो आणि नांगर जरासा वर येतो. जमीन हलकी झाली की परत खाली. काळ्या रानात मध्येच मुरमाचा पट्टा लागतो तिथे याची खरी किंमत कळते.

टॉप लिंक काढा. ज्या कानाला तो लागतो तो कान हाताने धरून आत-बाहेर ओढा. खडखड नको. पण स्प्रिंग हाताने फिरवता आली पाहिजे, म्हणजे आवळून बसलेलीही नको. खेळ असेल तर तेवढा वेळ जमिनीचा निरोप लिफ्टपर्यंत पोचतच नाही, नांगर रुतून बसतो. जास्त आवळली असेल तरी ती हलक्या फरकाला दाद देत नाही. लॉक काढून कान फिरवत खेळ संपेपर्यंत आणा, मग लॉक परत बसवा. बऱ्याच ट्रॅक्टरचं रबरी बूट फाटून इथे चिखल आणि गंज भरलेला असतो. त्याला आधी दोन दिवस तेल पाजा. हातोडीने ठोकून सोडवायला गेलात तर आटे जातील.

धरत नसेल तर

आता दुसरा प्रश्न. अवजार पूर्ण उचला, इंजिन बंद करा, लोअर लिंकच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. पाच-पाच मिनिटांनी परत मोजा. माझा स्वतःचा हिशोब असा: पंधरा मिनिटांत वीतभर खाली आलं तर जुन्या ट्रॅक्टरकडून मी तेवढं चालवून घेतो. मिनिटभरात जमिनीला टेकलं तर शोध घ्यायचा. उचक्यांचंही मूळ हेच. तेल कुठूनतरी निसटतं, आर्म खाली येतात, वॉल्व्हला ते कळतं, तो परत थोडं तेल पाठवतो. उचक्या जितक्या लवकर लवकर, तितकी गळती मोठी.

तेल निसटायच्या जागा मोजक्या. पंपातून वर लिफ्ट कव्हरमध्ये जाणारी उभी नळी आणि तिच्या ओ-रिंगा. लिफ्टच्या सिलेंडरमधल्या पिस्टनची रिंग. सिलेंडरलाच गेलेली भेग. पंपातले तेल परत येऊ न देणारे वॉल्व्ह. रिलीफ वॉल्व्ह.

पहिली जागा स्वस्त आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा दोषी. बऱ्याच मॉडेलमध्ये लिफ्ट कव्हरच्या पुढच्या भागावरची टोपी काढली की ती नळी वर ओढून घेता येते, कव्हर उचलावं लागत नाही. ओ-रिंग चपटी, कडक किंवा तुटलेली असली की बदला. चहा-वड्याच्या पैशात येते. दुकानदाराला नुसतं माप सांगू नका, जुनी रिंग घेऊन जा आणि तेलात टिकणारी मागा. बसवताना तेल लावून सरळ दाबा, तिरकी गेली की पहिल्याच भाराला कापली जाते. माझी कापली गेली होती ती अशीच, आणि बसवणारा मीच होतो.

तरी धरत नसेल तर बघण्याची एक पद्धत आहे. बाजूच्या झाकणाच्या खाली पातळी येईल इतकं तेल काढा, झाकण उघडा, हलकं अवजार लावा, इंजिन मंद ठेवून उचलायला लावा आणि बॅटरी मारून आत बघा. धार कुठून येते ते डोळ्यांनी दिसतं: नळीच्या वरच्या टोकाला, सिलेंडरच्या तोंडातून, की पंपाच्या अंगातून. तेल कमी असल्यामुळे हे मिनिटाभरापेक्षा जास्त चालवू नका. आत शाफ्ट फिरत असतो, म्हणून हात, मफलर, बाहीचं टोक काही त्या भोकाजवळ न्यायचं नाही. एकट्याने तर हे करूच नका. सीटवर माणूस हवा आणि त्याचं लक्ष तुमच्याकडे हवं.

कव्हरवर ट्रॉलीसाठी वेगळा वॉल्व्ह बसवला असेल आणि तो आर्मकडचा रस्ता बंद करू शकत असेल, तर त्याहून सोपा मार्ग आहे. भरलेली ट्रॉली उचलून बघा. ती झटक्यात उठली आणि तिथेच थांबली तर पंप ठीक, रिलीफ ठीक, दोष आर्मच्या सिलेंडरमध्ये. ट्रॉलीही दमली तर दोष पंपाकडे.

तेल चांगलं, जाळी साफ, आणि तरी तापल्यावर दम सुटतो, इंजिनचा वेग वाढवला की उठतं, मंद केलं की नाही, हे झिजेचं लक्षण. पातळ झालेलं तेल फटीतून परत जातंय. धक्क्याधक्क्याने उठत असेल तर चार पिस्टनपैकी एखाद्याचा वॉल्व्ह कचऱ्याने अडकला असण्याची शक्यता मोठी.

खाली येत नसेल तर

उतरण्याचा वेग कमी-जास्त करणारं लिव्हर अगदी मंदवर आहे का बघा. लिव्हरच्या खालच्या जोडण्या गंजून अडकल्यात का ते बघा. तेवढ्याने नाही झालं तर आतला कंट्रोल वॉल्व्ह चिकटलाय. आर्मवर उभं राहून नाचू नका. सुटेल तेव्हा तुमच्यासकट सुटेल.

बाहेर गिअर पंप असेल तर

तेल आणि वजनाचं सगळं तसंच. त्यात भर दोन गोष्टींची. फिल्टर ठरल्या वेळी बदला, आणि तेल ओढणाऱ्या पाइपच्या क्लिपा आवळा. तो पाइप बाहेर तेल गळत नसला तरी आत हवा ओढू शकतो. तेलातला फेस आणि पंपाची घरघर एकत्र आली तर आधी तिथेच हात घाला.

इथे पान्हा खाली ठेवा

दाबाचं गेज लावून मोजणं हे फिटरचं काम. इथला दाब प्रति चौरस सेंटिमीटर दीडशे किलोच्या वरचा असतो, गावातल्या हवेच्या गेजने ते होत नाही. रिलीफ वॉल्व्ह आवळून किंवा वॉशर घालून "ताकद वाढवणारे" भेटतात, त्यांना हाकला. फुटलेलं सिलेंडर त्याचंच फळ असतं.

लिफ्ट कव्हर उचलायला चेन-पुली लागते. चार माणसं हातांनी उचलतात, पण बसवताना आतल्या लिव्हरांची जुळणी चुकली की लिफ्ट उलटी वागते. ती जुळणी मापाने करावी लागते, नजरेने नाही. पिस्टनची रिंग बदलायची तर कव्हर काढावंच लागतं, आणि एकदा काढलं की सिलेंडरला आतून ओरखडे आहेत का तेही त्याच वेळी बघून घ्यायला सांगा. पंप बाहेर काढायला कव्हरबरोबर पीटीओचा शाफ्टही ओढावा लागतो.

मिस्त्रीला बोलावताना जुने भाग परत मागून घ्या. जी ओ-रिंग काढली ती, जे वॉल्व्ह बदलले ते. माझ्याकडे एका डब्यात ते सगळे आहेत. आणि ट्रॅक्टर ताब्यात घेताना रिकामे आर्म उठलेले बघून पैसे देऊ नका. अवजार लावा, तासभर रान फिरा, तेल तापू द्या, मग इंजिन बंद करून टेप काढा.